लठ्ठ फाइलींस प्रवेश नाही

इतिहास म्हटले की आपल्या लोकांना तलवारी आठवतात. तह, वेढे, सनावळ्या, आणि त्या पाठ न झाल्याबद्दल शाळेत खाल्लेल्या छड्या. पण किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणाऱ्या बोटभर पेनड्राइव्हलाही इतिहास असतो, आणि तोही चांगला अर्ध्या शतकाच्या घरातला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. तो कळतो एकदम, एखाद्या रविवारी दुपारी. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. आत ५० जीबी जागा मोकळी. आपली फाइल अवघी ११ जीबीची. आणि संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे, जमणार नाही!

म्हणजे रिकाम्या धर्मशाळेच्या दारातून मॅनेजरने कुटुंबाला परत पाठवावे, तसलाच प्रकार. फरक एवढाच, की धर्मशाळेच्या मॅनेजरशी हुज्जत तरी घालता येते.

खरी गोम खोल्यांत नाही, रजिस्टरात आहे. पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलची नोंद असते: नाव काय, तारीख कोणती, सुरुवात कुठून आणि आकार किती. या आकाराचा रकाना ३२ घरांचा. प्रत्येक घरात शून्य किंवा एक, तिसरे काही नाही. सगळ्या घरांत एक भरले की संख्या होते ४,२९,४९,६७,२९५. झाले, चार जीबी संपले! त्यापुढे एक बाइट जरी वाढला, तरी तो लिहायचा कुठे? धर्मशाळेच्या रजिस्टरात माणसांच्या संख्येसाठी एकाच अंकाचा रकाना असेल, तर दहा जणांचे कुटुंब उतरवून घ्यायचे कसे? शंभर खोल्या रिकाम्या असल्या म्हणून काय झाले!

या व्यवस्थेचे नाव फाइल ॲलोकेशन टेबल, लाडाने फॅट. नाव फॅट, पण लठ्ठ फाइल चालत नाही. नयनसुख नावाच्या गृहस्थाला चष्मा असावा तसे. १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी ही पद्धत फ्लॉपीसाठी तयार केली. पुढे १९८० साली सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी ती कल्पना आपल्या ८६-डॉसमध्ये घेतली. ते डॉस मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ते आयबीएमच्या पीसीबरोबर जगभर निघाले.

आता या मंडळींनी रकाना आखताना हात आखडता घेतला, असे कोणी म्हणेल. छे! त्या पीसीची फ्लॉपी होती १६० केबीची. चार जीबीची फाइल म्हणजे अशा २६ हजारांहून अधिक फ्लॉप्या! वामनमूर्तीचे माप घ्यायला आलेल्या शिंप्याने आख्खे ठाण कापून ठेवावे, इतका हा रकाना ऐसपैस होता. बटू पुढे तिसरे पाऊल ठेवणार आहे, हे शिंप्याला कसे कळावे?

पुढे डिस्का वाढत गेल्या तसे फॅटही बारा, सोळा असे वाढत १९९६ साली बत्तिसाचे झाले. खोल्यांचे क्रमांक लांबवले, पण आकाराचा रकाना होता तसाच ठेवला. कारण त्यावर विसंबून चाललेले हजारो प्रोग्राम नेमक्या त्याच जागी बोट ठेवून आकार वाचत होते. रकाना हलवला असता तर सगळेच आंधळे झाले असते. आणि गंमत पाहा, फॅट-३२ आले ऑगस्टमध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली. तिच्यात मावत होते ४.७ जीबी!

चार जीबीची अट नसलेली एनटीएफएस ही पद्धत १९९३ पासून होती. पेनड्राइव्हसारख्यांसाठी एक्सफॅट २००६ मध्ये आले. मग जुने अजून का? तर फॅट-३२ सगळ्यांना कळते. टीव्हीला कळते, मोटारीतल्या रेडिओला कळते, कॅमेऱ्याला कळते. एक्सफॅटची कागदपत्रे मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुली केली ती २०१९ मध्ये. तोवर घराघरांत टीव्ही लागून गेले होते, आणि आपल्याकडे टीव्ही काही मुलीच्या लग्नागणिक बदलत नाहीत.

लग्नावरून आठवले. आमच्या मेहुण्यांनी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायचे ठरवले. नकार आला. आता मेहुणे आयुष्यभर बिऱ्हाडे बदललेले गृहस्थ. ‘फार मोठी’ याचा अर्थ त्यांनी ‘जागा करा’ असा घेतला. आधी प्रवचने पुसली. नकार. मग काश्मीरची सहल पुसली. नकार. “अहो, जागा आहे की आत!” असे मी म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटोही पुसून टाकले. सासरे आता नाहीत. त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती. पेनड्राइव्हवरून पुसलेले कचऱ्याच्या टोपलीतही सापडत नाही. सौ. काही बोलली नाही. नुसती खुर्चीवर बसून राहिली. ती बोलत नाही तेव्हा घरात कोणीच बोलत नाही.

संध्याकाळी मेहुण्यांचा मुलगा आला. त्याने पेनड्राइव्ह आधी उपसून हातात घेतला. “बाबा, आता यावर काही म्हणजे काही लिहायचं नाही. काका, लक्ष ठेवा.” मग त्याने सांगितले, की फॅटमध्ये पुसणे म्हणजे फाइलच्या नावाचे पहिले अक्षर खोडायचे आणि तिच्या खोल्या रिकाम्या झाल्या असे वहीत लिहायचे. सामान आतच असते. दुसरे कोणी राहायला आले, की मगच ते रस्त्यावर येते. आणि राहायला तर कोणीच आले नव्हते! ज्या रकान्याने अकरा जीबीचे वऱ्हाड दारातून परत लावले होते, त्यानेच सासऱ्यांची खोली राखली होती.

रात्री साडेनऊला पहिला फोटो पडद्यावर आला. औक्षण चाललेले, आणि सासऱ्यांची टोपी नेहमीसारखी वाकडी. कॅमेऱ्याने दिलेली नावे ‘डीएससी’ अशी होती. परत आली ती नुसती ‘एससी’ म्हणून, पुढे एक रेघ. सौ. म्हणाली, “नावाचं राहू दे रे, माणूस आला ना?”

व्हिडिओसाठी भाच्याने तो पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटचा करून दिला. व्हिडिओ आत गेला, पण मेहुण्यांच्या २०१२ सालच्या टीव्हीने त्याला ओळख दाखवली नाही. शेवटी पेनड्राइव्ह पुन्हा फॅट-३२ केला आणि फोटोग्राफरने व्हिडिओचे तीन तुकडे करून दिले, प्रत्येक चार जीबीच्या आतला. ते तुकडे कुठे पडावेत, हे संगणकाने आकार मोजून ठरवले. त्यामुळे भाचीच्या लग्नात ‘शुभमंगल’ पहिल्या फाइलमध्ये होते आणि ‘सावधान’ ऐकायला मेहुण्यांना रिमोट शोधावा लागतो.