श्रोत्यांची शिरगणती : मुंबई नभोवाणीचा पहिला जमाखर्च

नाटकगृहाच्या चालकाला आपले प्रेक्षक किती, हें पडदा वर जाण्यापूर्वींच कळतें; तिकिटांच्या गल्ल्यावर नजर टाकली कीं झालें. वर्तमानपत्राच्या चालकाला खपाचा आंकडा रोज हातीं पडतो. नभोवाणीचा चालक मात्र एका बंद खोलींतून हवेंत शब्द सोडतो. ते किती कानांवर पडले आणि किती घरांनीं ते नकोत म्हणून यंत्र बंद केलें, याची त्याला वार्ताहि नसते. ज्या मालाचें गिऱ्हाईक दिसत नाहीं, त्याची किंमत कोणाकडून आणि कशी वसूल करावयाची, हा या धंद्यांतला मूळ प्रश्न होय. मुंबईनें तो सोडविण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न केला, तो तीन वर्षांच्या आंतच आटोपला. त्याचा इतिहास आजहि बोधप्रद आहे, असें आम्हांस वाटतें.

ध्वनिक्षेपणाचा आरंभ आपल्याकडे हौशी मंडळींनीं केला. मुंबईच्या रेडिओ क्लबानें जून १९२३ मध्यें आपले पहिले कार्यक्रम ऐकविले. मद्रासच्या क्लबानें पुढल्या वर्षीं तोच मार्ग धरला, आणि पैशाच्या अभावीं १९२७ मध्यें त्यास काम थांबवावें लागलें. पदरमोड करून चालविलेली हौस किती दिवस टिकणार? अखेर सरकारनें 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी मंडळीस परवानगी दिली, आणि तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. पुढल्या महिन्यांत कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. कंपनीचें वसूल भांडवल ६ लाख रुपये. त्यांपैकीं सुमारें साडेचार लाख तीं दोन केंद्रें उभारण्यांतच गेले. गवई, वादक, वक्ते आणि यंत्रज्ञ यांचा खर्च चालविण्यास हातीं उरले अवघे दीड लाख.

उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः दोन होत्या. प्रत्येक श्रोत्यानें वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यावयाचा. त्यांतले ८ रुपये कंपनीचे. शिवाय परदेशांतून येणाऱ्या यंत्रसामग्रीच्या किंमतीवर व्यापाऱ्यांनीं शेंकडा १० प्रमाणें कंपनीस पट्टी द्यावयाची. ही योजना विलायतेच्या धर्तीवर होती. परंतु विलायतेंत १९२७ सालीं परवाने २० लाखांहून अधिक होते, आणि आपल्याकडे त्या वर्षाअखेर सबंध देशांत ३,५९४. पुढल्या वर्षाअखेर ते ६,१५२ झाले आणि १९२९ अखेर ७,७७५. वाचकांनीं स्वतःच गुणाकार करून पाहावा. दर परवान्यामागें ८ रुपये, म्हणजे वर्षाला ६२,२०० रुपये; महिन्याला सुमारें ५,२०० रुपये. एवढ्यांत दोन महानगरांतलीं दोन केंद्रें रोज बोलतीं-गातीं ठेवावयाचीं होतीं!

परंतु ७,७७५ हा आंकडा कशाचा? तो ऐकणारांचा नव्हे, पैसे भरणारांचा. स्फटिकाचें साधें यंत्र विजेवांचून चाले आणि घरच्या घरीं जुळवितां येई. ज्यानें तें गुपचूप जुळविलें, तो सरकारदप्तरीं कोठेंच नव्हता. ज्याच्या दिवाणखान्यांत कर्ण्याचें महागडें यंत्र होतें, त्याच्या एका परवान्यावर घरचीं दहा माणसें आणि दाराशीं उभे राहिलेले शेजारी फुकट ऐकूं शकत. उलट, एखाद्याचें यंत्र बिघडून फडताळांत धूळ खात पडलेलें असले, तरी परवान्याची मुदत संपेपर्यंत तो गृहस्थ 'श्रोता'च. सारांश, खऱ्या श्रोत्यांचा आंकडा याहून मोठा असावा, पण तो दाखवितां येत नव्हता. आणि जो दाखवितां येत नाहीं तो आंकडा सावकाराला चालत नाहीं.

त्यांतून दुष्टचक्र सुरू झालें. पैसा नाहीं म्हणून केंद्रें दीड किलोवॅटचीं, आणि साध्या यंत्रानें तीं तीसेक मैलांच्या पलीकडे नीट ऐकूं येत नसत. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा नाना भाषा बोलणाऱ्या नगरींत एकाच केंद्रानें सर्वांस खूष ठेवावयाचें. कार्यक्रम तुटपुंजे म्हणून नवे परवाने थोडे. आणि परवाने थोडे म्हणून कार्यक्रम तुटपुंजे. मार्च १९३० मध्यें कंपनी मोडीत निघाली आणि १ एप्रिलपासून केंद्रें सरकारनें चालवावयास घेतलीं.

सरकारासहि जमाखर्च चुकला नाहीं. ऑक्टोबर १९३१ मध्यें केंद्रें बंद करण्याचा हुकूम निघाला. व्यापाऱ्यांनीं आणि श्रोत्यांनीं ओरड केल्यावर नोव्हेंबरांत तो फिरला, आणि मे १९३२ मध्यें केंद्रें कायम राहावयाचें ठरलें. पैसा उभारला तो यंत्रांवरील आयातजकात शेंकडा २५ वरून ५० वर नेऊन. नव्या श्रोत्याचीच वाट त्यानें महाग झाली! पुढें १ जानेवारी १९३४ पासून विनापरवाना यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला, आणि लपलेले कांहीं श्रोते हिशेबांत आले. मधल्या काळांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. डिसेंबर १९३२ मध्यें बी. बी. सी.नें साम्राज्यासाठीं ध्वनिक्षेपण सुरू केलें. तें ऐकण्याकरितां येथील युरोपियनांनीं यंत्रें घेतलीं, आणि ८,५५७ परवान्यांचे १९३४ अखेर १६,१७९ झाले. कांहीं कान लागले होते लंडनकडे. जमा झाली मुंबई-कलकत्त्याच्या खात्यावर.

लोक काय ऐकतात आणि त्यांना काय रुचतें हें विचारण्याची पद्धतशीर सुरुवात बी. बी. सी.नें १९३६ मध्यें रॉबर्ट सिल्व्ही यांच्या हातीं केली. आपल्याकडे पुढें परवाना गेला आणि जाहिरातदार आला. खाजगी एफ. एम. केंद्रांच्या पहिल्या लिलावांत मुंबईची वार्षिक फी पावणेदहा कोटींच्या घरांत गेली व ती दरसाल शेंकडा १५ नें वाढावयाची होती. ऐकणारे कितीहि असोत, देणें ठरलेलें. तो भार झेपेना, तेव्हां २००५ च्या धोरणानें उत्पन्नाच्या शेंकडा ४ हिस्सा घेण्याचें ठरविलें. २००७ मध्यें निवडक श्रोत्यांनीं आपल्या ऐकण्याची रोजनिशी लिहावयाची आणि तीवरून केंद्रांचा क्रम लावावयाचा, अशी पाहणी मुंबईंत सुरू झाली. कोट्यवधींच्या नगरीचा कौल कांहींशें रोजनिश्यांतून!

मोजदाद नको, असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यावांचून कंपनी बुडाली हें वर दिसलेंच. परंतु प्रत्येक मोजदाद कोणाच्या तरी गरजेपोटीं होते. १९२७ सालीं गरज कंपनीची होती, म्हणून पैसे भरणारा मोजला गेला. पुढें ती जाहिरातदाराची झाली, म्हणून खरेदी करणारा मोजला गेला. दाराशीं उभा राहून ऐकणारा शेजारी दोन्ही वेळां गणतीबाहेरच राहिला. आणि जो गणतींत नाहीं, त्याच्यासाठीं कार्यक्रम करण्यास कोणी बांधलेला नसतो. शहराचा आवाज म्हणविणाऱ्या संस्थेनें आपल्या आंकड्यांत कोण आहे हें जितक्या बारकाईनें पाहावें, तितक्याच बारकाईनें त्यांत कोण नाहीं हेंहि विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.