चाळीसगावचा टांगा आणि घरात लपवलेले पोर

१९२९ सालची चाळीसगावची गोष्ट आपल्या चळवळीत भाषणाभाषणांत सांगितली जाते. सांगताना तिचा शेवट मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. आम्हाला आज त्या शेवटाविषयीच बोलायचे आहे.

अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. जळगाव हे पूर्व खानदेशचे ठाणे आणि धुळे हे पश्चिम खानदेशचे. काम आटोपून मुंबईला निघालेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळे लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता आणि त्याची चौकशी करायची होती. ती करून ते परत चाळीसगाव स्टेशनवर आले. महारवाड्यातली माणसे हार घेऊन उभी होती. वाडा दोन मैलांवर, नदीपलीकडे. पण तासभर कुणी हलेना. मग एक टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच तो मोटारीवर आदळता आदळता राहिला, आणि नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला धडकून बाबासाहेब फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला नकार दिला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या माणसाने पायी यावे हे वाड्यातल्या लोकांना सहन होईना. म्हणून तडजोड झाली, की टांगा मालकाचा आणि हाकणारा आपला. हाकायचे काम कुणालाच येत नव्हते. तरी एकाने लगाम हाती घेतला आणि वाटेत त्याचा धीर सुटला. बाबासाहेबांनी टांगेवाल्यांचा माज नोंदवलाच, पण आपल्या लोकांनाही सोडले नाही. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी असते हे ते विसरले आणि मान राखण्यासाठी त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असे त्यांचे म्हणणे आहे.

हे आज आठवायचे कारण एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. धुळ्याजवळच्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, तिथे तो यायचा. पाच मिनिटे एका जागी टिकायचा नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणार, दुसऱ्याची पाटी ओढणार, स्वतःचे दप्तर रोज कुठेतरी विसरणार. गणित तोंडी विचारले की झटकन सांगणार आणि वहीत मात्र अर्धेच. मग तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर आई म्हणाली, "काय करू भाऊ, याले घडीभर दम नही. लोके नावे ठेवतस." वडिलांनी त्याला घराबाहेर सोडणेच थांबवले होते. शाळेतून तक्रार आली, शेजारी भांडण झाले, नातेवाइकांच्या लग्नात शोभा झाली, आणि त्यानंतर लग्नकार्याला एक जण त्याच्याजवळ घरी थांबायचा. बहुतेक वेळा आईच.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात एडीएचडी म्हणतात. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि विचार न करता कृती होणे ही तिची लक्षणे. ती बारा वर्षांच्या आत दिसतात, सहा महिन्यांहून जास्त टिकतात, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी आढळली तरच निदान होते. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर शंभरातली साधारण पाच मुले अशी निघतात. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असते, म्हणून त्या कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. याचा बराचसा भाग मेंदूच्या घडणीचा आणि अनुवंशाचा आहे. आईच्या लाडाने हे होत नाही आणि बापाच्या पट्ट्याने जात नाही.

इथे कुणी म्हणेल, अनुवंश म्हणजे जन्मच ना? मग जातवाले तरी वेगळे काय सांगतात? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण या शिक्क्याचा इतिहास जन्माच्या शिक्क्याला अगदी चिकटून चालतो.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता येत नाही अशी ही मुले. त्याने त्याला नाव दिले नैतिक नियंत्रणातला दोष. म्हणजे पोर वळवळते ही नीतीची उणीव ठरली. त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय करून ठेवली. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. १९११ मध्ये कायदा मुंबई इलाख्यातही आला. खानदेशाला हे नवे नव्हते. १८१८ नंतर कंपनी सरकारने इथल्या भिल्लांना लुटारू म्हणूनच ओळखले आणि १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तीही त्यांना 'सुधारण्यासाठी'. लंडनचा डॉक्टर आणि इथला साहेब यांनी एकमेकांना विचारून हे केले असे आम्ही म्हणत नाही. पण दोघांचीही समजूत एकच होती, की वागणे चुकले म्हणजे माणूस मुळात खोटा.

आणखी एक योगायोग. बाबासाहेब ज्या समितीवर खानदेशात फिरले, तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते.

वैद्यकशास्त्राने आपली चूक हळूहळू का होईना, दुरुस्त केली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना औषधाने अशी मुले शांत बसून अभ्यास करताना दिसली, म्हणजे प्रश्न नीतीचा नसून मेंदूचा होता. १९६८ मध्ये अमेरिकन मनोविकार सूचीत बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून नोंद झाली, १९८० मध्ये लक्ष न टिकण्याला महत्त्व आले, १९८७ मध्ये आजचे नाव पडले. नीती हा शब्द गळून गेला. गुन्हेगार जमाती कायदाही ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. समाजाच्या तोंडून मात्र यातले काहीच गेले नाही. अनुवंश सगळ्या जातींत सारखा फिरतो. देशपांड्यांच्या घरातही असे पोर जन्मते आणि पारध्याच्या पालातही. जात मात्र एकाच लक्षणाला दोन नावे देते. वरच्या आळीतले पोर 'हुशार आहे हो, पण मस्तीखोर'. पालावरचे पोर 'यांची जातच तशी'. आमच्या वस्तीतले पोर 'यांच्यात संस्कार नाहीत' आणि मागाहून हळूच, 'सवलतीवर आलेले'. पहिल्याला नाशिक-पुण्याचा डॉक्टर मिळतो, दुसऱ्याला मागचा बाक आणि तिसऱ्याला छडी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडी बंद केली आहे. ती कुठे कुठे चालू आहे ते वाचकांना सांगायची गरज नाही.

इथवर सगळे टांगेवाल्याच्या माजाचे झाले. आता आपल्या वाड्याकडे वळू.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसले, शिपाई नसला तर तहानलेले राहिले, आणि तरी शिकले. ही गोष्ट आपण प्रत्येक पोराला सांगतो, आणि सांगावीच. पण जे पोर मऊ सतरंजीवरही दहा मिनिटे बसू शकत नाही, त्याच्या कानावर ती कशी पडत असेल? 'बाबासाहेब दिव्याखाली शिकले आणि तुला लाइटीखाली बसवत नाही?' हे वाक्य आम्ही स्वतः वापरलेले आहे. 'शिका' हा आपला पहिला मंत्र. तो ज्याला जमत नाही तो नुसता नापास ठरत नाही, तो समाजाचा गुन्हेगार ठरतो. मग आईबाप काय करणार? लपवणार. चार लोकांत आधीच जातीवरून बोलले जाते, त्यात 'पोरगा वेडा' ही भर कशाला? धर्मांतरानंतर देव्हारा काढून टाकलेल्या घरांतूनही अशा पोराला गुपचूप भगताकडे नेलेले आम्हाला माहीत आहे. मानसोपचाराच्या खोलीबाहेर बसण्यापेक्षा भगताच्या ओट्यावर बसणे कमी लाजेचे वाटते. सगळ्यात जास्त बोल आईला लागतो. 'हिनेच बिघडवले', 'हिच्या माहेरीच असे आहेत.' वाड्याचा मान राखण्यासाठी टांग्यात पुन्हा एकाला बसवले आहे, आणि यावेळी तो नऊ वर्षांचा आहे.

प्रत्येक वळवळणाऱ्या पोराला शिक्का मारा असे आमचे म्हणणे अजिबात नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर सहा महिने गेलेले पोर परत आल्यावर वर्गात हरवलेलेच दिसणार. उपाशी पोराचे लक्ष लागत नाही, ज्याला फळा दिसत नाही त्याचेही नाही. म्हणूनच तपासणी हवी, आणि ती करणारा शिकलेला माणूस हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि शाळा-अंगणवाड्यांत तपासायच्या यादीत एडीएचडी आहे. पथक शाळेत येते तेव्हा हे पोर घरी बसवलेले असते, ही खरी अडचण. दुसरी अडचण कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. म्हणजे सोबत दुसरे काही निघाले तरच कागद मिळणार. जातीच्या दाखल्यासाठी आमच्या लोकांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. हा दाखला मात्र मिळत नाही, आणि मिळण्यासारखा असला तर घरच्यांना तो नको असतो.

त्या मुलाच्या शाळेत आम्ही आईला घेऊन गेलो. मागणी साधी होती. पुढच्या बाकावर बसवा, काम तुकड्यातुकड्याने द्या, मधून मधून फळा पुसायला, खडू आणायला उठवा. शिक्षक भले होते. म्हणाले, करतो, पण वर्गात बाकीचे पालक विचारतील, तेव्हा डॉक्टरांचा एखादा कागद असू द्या. वडिलांशी बोलायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी ते तयार झाले, एका अटीवर. धुळ्यात दाखवायचे नाही, सिव्हिलला आपल्या वस्तीतल्या दोन बाया कामाला आहेत. दाखवायचे तर नाशिकला.

नाशिक दीडशे किलोमीटरच्या पुढे. दोघांचा रोज बुडणार, एसटीचे भाडे वेगळे. आम्ही वाद घालून पाहिला. मग पहाटेच्या गाडीने त्यांच्यासोबत गेलो. पोर खिडकीशी बसले होते आणि चांदवडपर्यंत एकदाही उठले नाही.