उड्या मारणारा काटा : घड्याळजींनी घडवलेला वेगमापक

१९५० च्या दशकातील एखादी ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टन मोटारसायकल वेग घेऊ लागली की तिच्या वेगमापकाचा काटा सरकत नाही, तो उड्या मारतो. क्षणभर एका आकड्यावर स्तब्ध उभा राहतो, मग झटक्यासरशी पुढच्या आकड्यावर जातो आणि पुन्हा थांबतो. बजाज चेतक किंवा येझदीचे 'मीटर' पाहत वाढलेल्या माणसाला हा बिघाडच वाटेल. प्रत्यक्षात ते यंत्र अगदी धडधाकट असते. उलट त्याचा काटा उड्या मारण्याऐवजी थरथरू लागला, तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

या उडीमागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. वेग मोजायचा म्हणजे नेमके काय मोजायचे, हा त्यातला मूळ वाद.

सुरुवात इंग्लंडच्या कायद्यापासून करावी लागते. १९०३ च्या मोटार कार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. ती राबवण्यासाठी पोलीस रस्त्याकडेच्या झुडपांत दडून बसत. एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड अंतर आधी मोजून ठेवलेले असे. गाडीने पहिली खूण ओलांडली की थांबघड्याळ सुरू, दुसरी ओलांडली की बंद. ताशी २० मैल वेगाने फर्लांग कापायला बरोबर साडेबावीस सेकंद लागतात. घड्याळाने साडेएकवीस दाखवले, तर वेग जवळजवळ २१ मैल ठरतो आणि चालक गुन्हेगार. एका सेकंदाचा प्रश्न, आणि तो सेकंद हवालदाराच्या अंगठ्याखाली. या सापळ्यांची वर्दी मोटारमालकांना देण्यासाठी १९०५ साली 'ऑटोमोबाइल असोसिएशन' स्थापन झाली. आज रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला धावणाऱ्या या प्रतिष्ठित संस्थेचा जन्म पोलिसांना चकवण्यासाठी झाला, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

चालकाजवळ मात्र आपल्या बाजूने साक्ष देणारे काहीच नव्हते. ती उणीव भरून काढली घड्याळजींनी. सॅम्युएल स्मिथ याने १८५१ साली लंडनच्या न्यूइंग्टन कॉजवे भागात घड्याळांचे आणि जडजवाहिराचे दुकान थाटले होते. १९०४ च्या सुमारास त्याच घराण्याच्या पेढीने राजा सातवा एडवर्ड याच्या मर्सिडीज गाडीसाठी वेगमापक पुरवला. पुढे 'स्मिथ्स' हे नाव ब्रिटिश मोटारसायकलींच्या तबकड्यांशी असे जोडले गेले, की तबकडीवरचे ते नाव न वाचताही ओळखू येई.

त्या काळी वेग मोजण्याची एक सोपी युक्ती उपलब्ध झालेलीच होती. फिरत्या तांब्याच्या तबकडीमुळे जवळची चुंबकसूची ओढली जाते, हे फ्रान्सच्या आरागो याने १८२४ मध्ये दाखवले होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती ओढ त्यांची आहे, हा उलगडा फॅरडेच्या १८३१ च्या प्रयोगांतून झाला. याच तत्त्वावर ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये वेगमापकाचे पेटंट घेतले. तो राहत होता ते स्ट्रासबर्ग तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. चाकाकडून येणारी केबल एक चुंबक फिरवते. त्याला स्पर्श न करता भोवती बसवलेली अॅल्युमिनियमची हलकी वाटी त्याच्यामागे खेचली जाते. एक नाजूक स्प्रिंग वाटीला मागे ओढते. दोन्ही ओढी जिथे समान होतात, तिथे काटा थांबतो. चेतकचे मीटर हेच. यात घड्याळ नाही आणि मोजणीही नाही. वेग इथे अंदाजला जातो, एका ओढीवरून.

क्रोनोमेट्रिक वेगमापकाचा मार्ग अगदी वेगळा आहे. जेगर आणि स्मिथ्स या नावांनी तो पहिल्या महायुद्धानंतर मोटारींत आणि पुढे मोटारसायकलींत रुजला. नावातच काळ आहे, आणि पोटात खरोखरच एक घड्याळ आहे: बॅलन्स चक्र, हेअरस्प्रिंग, टिकटिक करणारी एस्केपमेंट. त्याला किल्ली मात्र द्यावी लागत नाही. केबलच त्याला चालवते, आणि ती कितीही वेगाने फिरली तरी मधला घसरता क्लच जादा जोर आत जाऊ देत नाही. त्यामुळे गाडी रांगत असो वा धावत असो, घड्याळाचे ठोके एकाच लयीत पडतात. हे घड्याळ ठराविक काळापुरते एका मोजणीचक्राला केबलशी जोडते, काळ संपताच सोडून देते. तेवढ्या अवधीत चक्र जितके फिरले, तितका वेग. मोजणीचक्र लगेच शून्यावर परततो, पण दुसरे एक चक्र काट्याला आधीच्या आकड्यावर धरून ठेवते. नवी मोजणी पूर्ण झाली की काटा नव्या आकड्यावर. ती ही उडी.

झुडपातला हवालदार अंतर ठरवून काळ मोजत होता. क्रोनोमेट्रिक काळ ठरवून अंतर मोजतो. चालकाच्या हँडलवर आता त्याचे स्वतःचे थांबघड्याळ बसले होते, आणि त्याच्यावर कोणाचा अंगठा नव्हता.

१९३५ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधील वस्तीच्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली आणि १९३७ च्या ऑक्टोबरपासून नव्या वाहनांना वेगमापक सक्तीचा झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नॉर्टन आणि बीएसए गाड्यांवर हेच यंत्र होते. युद्धानंतर व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोवर तर ताशी १५० मैलांपर्यंत आकडे असलेली पाच इंची तबकडी उभी केली गेली. तशी मोठी तबकडी दुसऱ्या कोणत्या मोटारसायकलीवर इतकी शोभली असेल, असे वाटत नाही.

अशा जुन्या गाडीचा वेगमापक बिघडला, तर दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र उघडण्याआधी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या असतात: काटा आणि मैलांचे आकडे. मैलमोजणीची दंतचक्रे घड्याळावर अवलंबून नसतात. ती केबलचे फेरेच मोजतात. दोन्ही मेले असतील, तर दोष बहुधा केबलचा किंवा चाकाकडच्या गिअरचा. मीटर उघडूच नये. मैल बरोबर पडत असून काटा खोटे बोलत असेल, तर दोष आतल्या घड्याळात. आणि काटा व मैल दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर निर्दोष असून ते चुकीच्या गाडीवर बसले आहे. या शेवटच्या शक्यतेचा पुरावा अनेकदा तबकडीवरच छापलेला असतो. तिथला १६०० हा बारीक आकडा म्हणजे एका मैलाला केबलचे १६०० फेरे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून त्या वेगाला केबल मिनिटाला १६०० फेरे घेते. गाडीचा गिअर वेगळ्या प्रमाणाचा असेल, तर जगातला कोणताही घड्याळजी ते मीटर खरे करू शकणार नाही.

घड्याळच दोषी असेल, तर मात्र गंमत उलटी होते. मोजणीचा अवधी पाऊण सेकंद धरला, तर ताशी ६० मैलांना केबलचे २० फेरे मोजले जातात. आता आतले तेल वर्षानुवर्षे सुकून डिंकासारखे झाले, ठोके मंदावले आणि तो अवधी दहा टक्क्यांनी लांबला, तर २० ऐवजी २२ फेरे मोजले जातील आणि काटा ६६ दाखवेल. घड्याळ सुस्तावले की मोटारसायकल कागदोपत्री जलद होते. म्हातारा क्रोनोमेट्रिक बहुधा असा बढाईखोर निघतो. यावर उपाय घड्याळजीचाच: आटे असलेले, गंजून अडकलेले कडे सोडवायचे, काटा तबकडीला ओरखडा न पाडता उचलायचा, भाग सुटे करून धुवायचे, धुऱ्यांच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्राएवढा थेंब द्यायचा. मग हेअरस्प्रिंगची लांबी किंचित कमीजास्त करून ठोके लयीत आणायचे. मोजणीचक्रांचे केसासारखे दाते झिजले असतील, तर तेलाने काही होत नाही. पकड सुटते आणि काटा मध्येच मागे पडतो.

चुंबकी मीटरचे म्हातारपण याच्या उलट आणि अधिक धोक्याचे. त्यातली ओढ चुंबकाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चुंबक दहा टक्क्यांनी क्षीण झाला, तर ओढ १९ टक्क्यांनी घटते आणि गाडी ६० ने धावत असता काटा ४९ च्या आसपास रेंगाळतो. क्रोनोमेट्रिकची चूक स्वाराला सावध करते. चुंबकीची चूक त्याला गाफील ठेवते. चुंबकी मीटरचा आणखी एक शत्रू म्हणजे हौशी माणसाचे ग्रीस. केबलला सढळ हाताने लावलेले ग्रीस फिरत्या तारेवरून चढत चढत मीटरमध्ये शिरते, चुंबक आणि वाटी यांना चिकटवते आणि काटा थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळतो. म्हणून केबलचा वरचा वीतभर भाग कोरडा ठेवण्याची जुनी रीत आहे. काटा नुसताच थरथरत असेल, तर केबल कोरडी पडलेली किंवा कुठेतरी मुडपलेली असते. चेतकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

जुनी तबकडी हातात घेताना आणखी एक खबरदारी. युद्धकाळातील काही तबकड्यांच्या आकड्यांवर अंधारात चमकावेत म्हणून रेडियमयुक्त रंग लावलेला असे. आज ते चमकत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी झाले असे अनेकांना वाटते. विझला आहे तो रंगातला चमकणारा पदार्थ; रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा असल्याने ते जवळजवळ सगळेच्या सगळे तिथे आहे. तो रंग खरवडणे किंवा फुंकर मारून झाडणे म्हणजे ती धूळ फुफ्फुसात घेणे. तबकडी देखणी करण्याच्या हौसेपायी असे करू नये.

१९६४ च्या सुमारास ट्रायम्फ आणि बीएसएने क्रोनोमेट्रिक सोडून चुंबकी मीटर स्वीकारले. घड्याळ घडवण्यापेक्षा एक चुंबक आणि एक वाटी पुष्कळच स्वस्त. अचूकतेच्या दृष्टीने ही पीछेहाटच होती. ब्रिटिश जुळ्या सिलिंडरांच्या कंपनात त्या काट्यांनी जी लेझीम खेळली, ती पाहून अनेक स्वारांना जुन्या उडीची आठवण आली असेल.

दुरुस्तीच्या टेबलावर शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो तांत्रिक नाही. उघडलेल्या मीटरमधील मैलांचे आकडे तसेच ठेवायचे की शून्यावर आणायचे? अनेक मालक नवे इंजिन, नवा रंग आणि म्हणून नवे शून्य मागतात. इतिहासाच्या दृष्टीने ते पाच आकडे म्हणजे त्या गाडीने स्वतः लिहिलेला एकमेव दस्तऐवज. तो पुसला तर परत मिळत नाही. पण तो नेहमी तिचाच असतो, असेही नाही. क्रोनोमेट्रिकचे मूळ भाग दुर्मीळ झाल्यामुळे दोन-तीन मोडक्या मीटरांतून एक चालते मीटर उभे केले जाते. आज रस्त्यावर उड्या मारत धावणाऱ्या कित्येक काट्यांखाली तबकडी एका गाडीची, घड्याळ दुसरीचे आणि मैल तिसरीचे असतात.