पश्चिम वऱ्हाडचा शहरी मतदारसंघ

दिल्लीच्या जुन्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे छापील वृत्तांत कोणी चाळू लागला, तर त्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसून येईल. त्या काळी बोलणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या नावापुढे कंसात त्याचा मतदारसंघ छापण्याची रीत होती. कोणी मुंबई शहराचा, कोणी नागपूर विभागाचा, कोणी जमीनदारांचा. परंतु यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे बोलावयास उठले की त्यांच्या नावापुढे तेवढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे शब्द येतात. इतरांना मतदारसंघ, आणि अण्यांना केवळ प्रतिनिधित्व! हा काही मुद्रकाचा लहरीपणा नव्हे. ह्या दोन शब्दांमागे वऱ्हाडच्या मतदाराची एक दीर्घ कहाणी आहे. तीपैकी शहरी मतदाराचा भाग आज सांगावयाचा आहे.

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या हाती कारभारासाठी आला, तो हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन ह्यांनी वर्षाला पंचवीस लक्ष रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडून दिला. कारभार इंग्रजांचा, सारा इंग्रजांचा, कोर्टकचेऱ्या इंग्रजांच्या. स्वामित्व तेवढे निजामाचे. व्यवहारात ह्या स्वामित्वाची किंमत पंचवीस लक्षांपलीकडे फारशी नव्हती. पण कायद्याच्या पुस्तकात तिला मोठेच वजन होते. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता, म्हणजे एका अर्थी परमुलूखच. मग परमुलखातील माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेकौन्सिलावर निवडून कसा यावयाचा?

ह्यावर काढलेली तोड मोठी नामी होती. वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावयाची, मते मोजावयाची, निकाल लावावयाचा. आणि मग निवडून आलेल्या गृहस्थाची सरकारने ‘नेमणूक’ करावयाची. १९१९ च्या सुधारणा कायद्याने इतकीच भर घातली की, वऱ्हाडातील निवडणुकीच्या परिणामी जे सभासद नेमले जातील ते निवडून आलेलेच समजावेत. लग्न समारंभाने लागावे आणि नोंद मात्र दत्तकाच्या वहीत व्हावी, तशातला हा प्रकार! बरे, हे सारे कागदापुरते होते असेही नाही. नागपूरच्या कौन्सिलात झालेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. तो परमुलखाच्या अधिकारान्वये, स्वतंत्र जाहीरनामा काढून, हिंदुस्थान सरकारने तेथे लावावयाचा असे. अकोल्याचा प्रतिनिधी ज्या विधेयकावर हात वर करी, ते विधेयक अकोल्यास लागू करावयाचे की नाही, हे ठरवणारा हात निराळाच होता.

आता शहरांकडे वळू. मध्यप्रांतास पहिले कायदेकौन्सिल मिळाले ते १९१४ साली, इतर प्रांतांच्या मानाने बरेच उशिरा. त्यात वऱ्हाडच्या म्युनिसिपालिट्या, जिल्हाबोर्डे आणि जमीनधारक ह्यांनी माणसे सुचवावयाची असत. सामान्य नागरिकाचा त्यात हात नव्हता. १९२० च्या निवडणुकीपासून मतदार थेट मत देऊ लागला, आणि तेव्हा वऱ्हाडच्या शहरांकरिता दोन स्वतंत्र मतदारसंघ करण्यात आले: पूर्व वऱ्हाड म्युनिसिपल आणि पश्चिम वऱ्हाड म्युनिसिपल.

पश्चिम वऱ्हाडच्या ह्या मतदारसंघाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. अकोला आणि बुलढाणा ह्या दोन जिल्ह्यांतील म्युनिसिपालिटीची गावे तेवढी त्यात; मधला मुलूख सगळा बाहेर. अकोला हे कापसाच्या व्यापाराचे आणि वकिलांचे शहर. त्याच्या पश्चिमेस खामगाव, तेही जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी गजबजलेले. आणि दक्षिणेस, घाट चढून गेल्यावर, वाशीम. हे वाशीम १८७५ ते १९०५ अशी तीस वर्षे स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण होते. जिल्हा मोडून अकोल्यात मिळवला गेला तेव्हा कचेऱ्या गेल्या आणि जुन्या वत्सगुल्माचा मोठेपणा तेवढा मागे राहिला. असा हा मतदारसंघ म्हणजे काळ्या मातीच्या समुद्रात विखुरलेली बेटे होती. अकोला आणि वाशीम ह्यांच्या दरम्यानच्या मुलखात जऊळका आहे. आज तेथे रेल्वेचे स्टेशन लागते. त्या गावचा शेतकरी आपला कापूस गाडीत भरून शहराच्या बाजारात नेई. तो कापूस ज्या अडत्याच्या वखारीत पडे त्याला शहरी जागेवर मत होते. कापूस पिकवणारा मात्र ग्रामीण मतदारसंघातला, आणि तोही साऱ्याची ठरावीक रक्कम भरत असला तरच मतदार.

शहरातही सर्वांना मत होते असे कोणी समजू नये. मालमत्ता, घरभाडे, कर ह्यांच्या चाळणीतून जो खाली पडला नाही तोच मतदार. जिनाच्या फाटकातून सकाळी आत जाणारे शेकडो मजूर ह्या मोजदादीत नव्हतेच. शिवाय मुसलमान मतदारांची यादी वेगळी आणि त्यांची जागाही वेगळी. शेजारी शेजारी राहणारे, एकाच नळाचे पाणी भरणारे आणि एकाच म्युनिसिपालिटीस घरपट्टी देणारे दोघे गृहस्थ कौन्सिलाकरिता मात्र दोन निरनिराळ्या पेट्यांत मत टाकीत. शहरी मतदारसंघाचा आम्ही जो आज कौतुकाने उल्लेख करतो तो, खरे पाहता, शहराचा नव्हताच. तो शहरातील एका थराचा होता.

तथापि त्या थराने काही राजकारण केले, हेही विसरून चालणार नाही. १९२० च्या निवडणुकांवर काँग्रेसचा बहिष्कार होता. पण अमरावतीचे दादासाहेब खापर्डे असहकारितेस अनुकूल नव्हते, ते दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात जाऊन बसले. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षाने मध्यप्रांताच्या कौन्सिलात स्पष्ट बहुमत मिळवले. साऱ्या हिंदुस्थानात असे बहुमत त्यास ह्या एकाच प्रांतात लाभले. त्या बहुमताने दिवाणांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. द्विदल राज्यपद्धतीची इतकी स्वस्त उत्तरक्रिया दुसरीकडे कोठे झाली नसेल! आणि दोन वर्षांतच, १९२५ मध्ये, ह्याच पक्षाचे अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे ह्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. त्यावरून पक्षात जी फूट पडली तीतून अणे, मुंजे, केळकर, जयकर ह्यांचा प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. म्हणजे ज्या मुलखाचे सभासद कायद्याने ‘नेमलेले’ होते, त्याच मुलखातील एका माणसाने सरकारी नेमणूक स्वीकारताच सारा पक्ष दुभंगला. ह्यातील विनोद त्या काळी कोणाच्या ध्यानात आला असेल की नाही, न कळे.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९३५ च्या कायद्याने ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असा एक प्रांत झाला. १९३६ मध्ये निजामाशी नवा करार होऊन त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि १९३७ मध्ये एकशे बारा सभासदांची असेंब्ली निवडली गेली. शहरी व ग्रामीण हा भेद तेव्हाही कायम राहिला. तो पुसला गेला स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने. प्रौढ मतदान आले आणि त्याबरोबर शहराची खास जागा, वेगळी यादी, मालमत्तेची अट ही सारी गेली. शहरवासीयांपैकी काहींना ह्याची हळहळ वाटली असेल. गटारे, दिवाबत्ती, जकात ह्या नागरी प्रश्नांना विधिमंडळात स्वतःचा असा आवाज राहिला नाही, ही तक्रार अगदीच निराधार नाही. पण ज्या आवाजात गिरणीमजुराचा स्वर नव्हता, तो शहराचा आवाज म्हणावयास माझे मन धजत नाही.

मतदार तेच राहिले, सभागृहे मात्र बदलत गेली. १९५२ मध्ये वाशीमकरांनी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशच्या विधानसभेसाठी मते दिली, १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या. दहा वर्षांत तीन विधानसभा! लोकसभेच्या वाशीम मतदारसंघाने १९७७ मध्ये माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांस पाठवले, तर १९८० आणि १९८४ मध्ये थेट काश्मीरकडील गुलाम नबी आझाद ह्यांस. १९९८ मध्ये वाशीमला त्याचा जिल्हा परत मिळाला. परंतु २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत नवीच गाठ पडली. मालेगाव तालुका रिसोड विधानसभा मतदारसंघात गेला, आणि रिसोड हा लोकसभेकरिता अकोल्यास जोडला गेला. त्यामुळे मालेगाव तालुक्यातील जऊळक्याच्या रहिवाशाचा कलेक्टर वाशीमला आणि खासदार अकोल्याचा. वाशीम शहर मात्र यवतमाळच्या बरोबर मत देते.

जुन्या म्युनिसिपल जागेचा आज कोणी वारस शोधू म्हणेल, तर तो अकोला पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ होय; कारण तो जवळजवळ सर्वस्वी शहरी आहे. अकोल्याहून १९९५ पासून सतत निवडून येणारे गोवर्धन शर्मा हे त्याचे प्रतिनिधी होते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. निवडणूक आयोगाने २६ एप्रिल २०२४ ही पोटनिवडणुकीची तारीख ठरवली. पण नव्या आमदारास एक वर्षाहून कमी मुदत मिळणार, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती मार्चमध्ये रद्द केली. निर्णय कायद्याच्या अक्षरास धरून होता. परंतु त्यायोगे एक संपूर्ण शहर वर्षाहून अधिक काळ विधानसभेत मुके राहिले. जुन्या काळी निवडणूक होई आणि कायदा तिला नेमणूक म्हणे. येथे कायद्याने निवडणूकच होऊ दिली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे साजिद खान पठाण तेथून थोड्या मताधिक्याने विजयी झाले. त्यांना पडलेली आणि त्यांच्याविरुद्ध पडलेली मते एकाच यादीतील होती. राज्याच्या विधानसभेतील जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे; त्यानंतर अकोल्याच्या आणि वाशीमच्या शिवेवरून रेषा पुन्हा एकदा ओढल्या जातील.