जुन्या नाण्याचें मोल



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचे एक स्नेही माझ्याकडे आले. सारी हयात शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं खिशांतून कागदाची एक पुडी काढली. पुडीवर पेन्सिलीनें ‘शके १५९६’ असें लिहिलेलें होतें. ती उलगडून त्यांनीं तांब्याचें एक काळपट नाणें माझ्या तळहातावर ठेवलें आणि म्हणाले, “शिवराई आहे. राज्याभिषेकाच्या वेळची. पांच हजार दिले. आतां तुम्ही सांगा, योग्य दिले कीं फसलों?” नाणें घेतल्या दिवसापासून तें देव्हाऱ्यांत होतें, कागदाला लागलेलें कुंकू मला दिसत होतें. भिंग माझ्यासमोर मेजावरच पडलें होतें, पण तें उचलण्याचा धीर मला लगेच झाला नाहीं.

जुन्या नाण्याची वाजवी किंमत कोणती, हा प्रश्न आजचा नाहीं. आज रुपया म्हणजे रुपया, मग तो पुण्यास काढा कीं पाटण्यास. पेशवाईंत तसें नव्हतें. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना नांवांचे रुपये एकाच बाजारांत फिरत आणि त्यांचे भाव सारखे नसत. सराफ नाणें हातांत घेई, तोलून पाही, वाजवून पाही, संशय आला तर कसोटीवर घाशी, आणि मग या रुपयाला इतका बट्टा असें सांगे. पेठ बदलली कीं बट्टाहि बदले. सरकारी खजिन्यांत हीच पारख पोतदाराकडे असे. एखाद्याच्या नांवाला बट्टा लागला असें आपण अजून म्हणतों. तो बट्टा या सराफांच्या पेढीवरचाच. पुढें १८३५ सालीं कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या सर्व मुलुखासाठीं काढला आणि सराफाचें तें महत्त्व हळूहळू मावळलें. जुन्या नाण्यांचा संग्रह करणारा मनुष्य मात्र आजहि त्या सराफाच्या दारांतच उभा आहे. फरक इतकाच कीं, कसोटीचा दगड धातूचा कस सांगतो, दुर्मिळतेचा सांगत नाहीं.

नाणें हातीं आलें कीं पुष्कळ लोक पहिल्यानें वय विचारतात. जितकें जुनें तितकें महाग, हा समज इतका खोल रुजलेला आहे कीं, विक्रेत्याला त्यावर निराळें खतपाणी घालावें लागत नाहीं. येथें जोगळटेंभीचें उदाहरण सांगण्यासारखें आहे. नाशिक जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं हें गांव आहे. १९०६ सालीं तेथें क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर उमटलेलीं सातवाहनांचीं चिन्हें पाहिलीं कीं कोणी कोणाला जिंकलें हें सांगण्यास पोथी लागत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें या सांठ्याचें मोल अपार आहे. पण बाजाराच्या दृष्टीनें काय झालें? त्यापूर्वीं नहपानाचें नाणें ही मोठी अपूर्वाई होती. एका सांठ्यानें ती अपूर्वाई संपविली. आज साधारण ऐपतीच्या संग्राहकालाहि एकोणीस शतकांपूर्वींचें तें नाणें घेतां येतें.

आतां याच्या उलट पाहा. १९३९ सालचा, सहाव्या जॉर्ज बादशहाचा चांदीचा रुपया. त्याला अजून शंभर वर्षेंहि झालेलीं नाहींत. पण पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, रुपयांतील चांदी निम्म्यावर आणण्यांत आली आणि १९३९ चे फारच थोडे रुपये शिल्लक राहिले. त्याची किंमत लाखांच्या भाषेंत बोलली जाते. अर्थात जेथें लाख तेथें लबाडी. तेव्हां असा रुपया कोणी दाखविला तर सनाच्या शेवटच्या आंकड्यावर भिंग धरावें. १९३८ च्या आठाचा नऊ करण्यास फार मोठा कारागीर लागत नाहीं.

या दोन टोकांच्या मध्यें १९११ चा रुपया बसतो. पांचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरील मानचिन्हांत हत्ती कोरलेला होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, सरकारनें रुपया मागें घेतला आणि दुसऱ्या वर्षीं हत्तीची सोंड नीट करून नवा रुपया काढला. सुमारें चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यांतील सात लाखांच्या आसपासच बाहेर पडले. बाकीचे आटविले गेले. गोष्ट रंजक आहे म्हणून विक्रेता ती रंगवून सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतें कीं असें नाणें देशांत दोन-चारच असेल. सात लाख म्हणजे दोन-चार नव्हेत. या रुपयाला इतर रुपयांपेक्षां चार पैसे अधिक द्यावेत हें योग्य. कथेचे पैसे निराळे देऊं नयेत.

चांदीच्या रुपयाला एक सोय आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयांत १६५ ग्रेन, म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या आंत-बाहेर शुद्ध चांदी असते. त्या दिवशींचा चांदीचा भाव विचारला कीं किमतीचा तळ सांपडतो. त्याच्या खालीं खरा रुपया कोणी देणार नाहीं, आणि दिला तर तो खरा नाहीं असें समजावें. त्या तळाच्या वर जें कांहीं आपण देतों, तें दुर्मिळतेचें आणि नाण्याच्या स्थितीचें. अक्षरें झिजलीं आहेत का, कडा कापली आहे का, गळ्यांत घालण्यासाठीं कोणी भोंक पाडलें होतें का, यांवर एकाच सालच्या दोन नाण्यांच्या किमतींत पांचपट अंतर पडूं शकतें. आणि कृपा करून चिंच लावून तांब्याचें नाणें घांसूं नका! आपल्याकडे देवाचीं भांडीं उजळतात तशीं जुनीं नाणीं उजळणारे सज्जन पुष्कळ आहेत. शेंदीडशें वर्षांत चढलेला रंग अर्ध्या घटकेंत जातो आणि त्याबरोबर निम्मी किंमतहि जाते.

‘शेतांत नांगरतांना सांपडलें’ असें सांगून नाणें पुढें करणाऱ्यांविषयीं दोन शब्द. या वाक्यानें गिऱ्हाइकाला नाण्याच्या खरेपणाची खात्री वाटते. वास्तविक त्याच्या कपाळाला आंठी पडावयास हवी. जमिनींत सांपडलेल्या धनासंबंधीं १८७८ चा कायदा आहे, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन सांपडल्यास कलेक्टराला कळविणें हें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. तेव्हां ती गोष्ट खोटी असेल तर नाण्याचाहि भरंवसा नाहीं, आणि खरी असेल तर विकत घेणाराच अडचणींत. जुन्या नाण्यांना लाखों रुपये मिळवून देतों म्हणून आधीं शुल्क मागणारे भामटे तर इतके झाले कीं, २०२१ सालीं रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावें लागलें.

मग आमच्या स्नेह्यांच्या शिवराईचें काय?

शिवराईची अडचण तिच्या नांवांतच आहे. महाराजांनीं १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर हें तांब्याचें नाणें सुरू केलें, असें मानतात. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. महाराजांच्या पश्चात् हीं अक्षरें बहुतेक तशींच राहिलीं. पुढच्या छत्रपतींच्या काळांत पुष्कळदां तींच, पेशव्यांच्या काळांत तींच. १७४४ सालीं पेशव्यांनीं नागोठणें आणि रेवदंडा येथें तांब्याचीं नाणीं पाडण्याचे परवाने खासगी माणसांना दिले. टांकसाळी अनेक, कारागीर अनेक. कोणी ‘शिव’ लिही, कोणी ‘सिव’, कोणी ‘सीव’. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तरी शिवराई एकदम बुडाली नाहीं. तेव्हां नाण्यावर नांव कोणाचें यावरून तें कोणीं पाडलें हें ठरत नाहीं. पेशव्यांच्या अंकुशी रुपयावर तर दिल्लीच्या बादशहाचें नांव असे! आणि इतकीं वर्षें, इतक्या ठिकाणीं पाडलेलें नाणें पुष्कळ असणारच. साधी शिवराई चार-पांचशें रुपयांच्या आंत मिळते. महाराजांच्या काळची, सुबक अक्षरांची आणि ठिपक्यांच्या वर्तुळाची निराळी. तिला अधिक द्यावें लागतें. आणि सोन्याचा शिवराई होन म्हणाल तर तो इतका दुर्मिळ कीं, सहज कोणी विकावयास आणला तर त्याला नमस्कार करून घरीं जावें.

अखेर मीं भिंग उचललें. अक्षरांच्या ओळींमध्यें दोन आडव्या रेघा स्पष्ट होत्या. अशा शिवराईला दुदांडी म्हणतात, आणि ती पेशवाईच्या उत्तरकाळांतली किंवा त्यानंतरची.

“नाणें खरें आहे,” मीं म्हटलें. “पण दुदांडी आहे. महाराजांच्या हयातींतली नव्हे.”

“म्हणजे दहापट दिले.”

“जवळजवळ. पावती घेतली होती का? तिच्यावर ‘राज्याभिषेककालीन’ असें लिहून दिलें असेल तर परत मागतां येईल.”

“पावती कसली! महाराजांचें नाणें घेतांना पावती मागायची?”

थोडा वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “पण लोक दीडशें वर्षें याच नांवाचा पैसा घेत-देत होते ना? पेशवे गेले, तरी?” मीं होय म्हटलें. “मग देव्हाऱ्यांतून काढूं कीं ठेवूं?”

“मास्तर, मी बाजारभाव सांगूं शकतों,” मीं म्हटलें. “हें तुम्हीच ठरवा.”

त्यांनीं माझी पेन्सिल मागून घेतली. पुडीवरचें ‘शके १५९६’ नीट एका रेघेनें खोडलें, खालीं ‘दुदांडी, उत्तरकालीन’ असें शाळेंतल्या फळ्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिलें, नाणें आंत ठेवून पुडीच्या घड्या पूर्वीं होत्या तशाच घातल्या आणि ती वरच्या खिशांत, डाव्या बाजूस, ठेवली.