विद्यार्थ्यांचा जलसा : लाहोर ते शांतिनिकेतन

‘बेहाला’ हा शब्द बंगालीत दोन अर्थांनी वावरतो : एक आपले हे दक्षिण कलकत्त्यातील उपनगर, आणि दुसरा व्हायोलिन हे वाद्य. वाद्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले. गावाशी त्याचा संबंध नाही. तथापि येथील मराठी घरांतील मूल गाणेबजावणे शिकू लागले की ही कोटी कोणीतरी करतोच. त्यामागोमाग आईबापांचा प्रश्नही ठरलेला असतो : शिक्षण ठीक, पण चारचौघांत गाण्याची संधी केव्हा मिळणार? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

एकेकाळी शिष्याला मैफलीचे दार उस्तादाची मर्जी असेल तेव्हाच उघडे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते राजाश्रयावर न विसंबता. जाहीर जलसे आणि लोकांच्या देणग्या यांवर संस्था चाले, आणि विद्यार्थी श्रोत्यांसमोर येत. उपदेशक होऊ इच्छिणाऱ्यांच्या योगक्षेमाचा भार संस्थाच वाही. हा संसार पेलणे सोपे नव्हते. मुंबईत उभारलेल्या वास्तूचे कर्ज फिटेना आणि १९२४ साली तिचा लिलाव झाला. इमारत गेली, पण विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे शिष्य तयार झालेले होते. त्यांपैकी ओंकारनाथांकडे पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा आली.

वंगभूमीत हाच प्रयोग निराळ्या रीतीने झाला. शांतिनिकेतनात आरंभीच्या काळात हिंदुस्थानी संगीत शिकविणाऱ्यांत भीमराव शास्त्री हे मराठी गृहस्थ होते. विश्वभारती १९२१ साली स्थापन झाली. १९३३ पासून संगीतभवन स्वतंत्रपणे नांदू लागले. पुढे वाझलवार व चिंचोरे या मराठी गुरुजनांनीही तेथे अध्यापन केले. रवींद्रसंगीताच्या थोर गायिका कणिका बंद्योपाध्याय यांनी शास्त्रीय संगीताचे पाठ या दोघांकडे घेतले, ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

तेथे विद्यार्थ्याला व्यासपीठाची वाट पाहावी लागत नसे. वर्षामंगल, वसंतोत्सव, पौषोत्सव असे वर्षच गाण्यांनी बांधलेले. नवशिकाही गुरूच्या शेजारी उभा राहून गाई. परीक्षेतील गुणांपेक्षा हे शिक्षण मला अधिक मोलाचे वाटते. परंतु येथेही पैशाची विवंचना होतीच. १९३६ साली कलकत्त्यात ‘चित्रांगदा’ रंगभूमीवर आल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ विद्यार्थ्यांचा संच घेऊन निधीसाठी उत्तर हिंदुस्थानात हिंडले. दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपये मिळवून देऊन त्यांची ती पायपीट थांबविली. पलुस्करांच्या वाट्याला असा कोणी आला नाही. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली. माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेल्याने अनुदानाचे महत्त्व मी जाणतो. पण मंजुरीच्या कागदाने श्रोता मिळत नाही, हेही तितकेच खरे.

कलकत्त्यात १९६२ साली रवींद्र भारती विद्यापीठ निघाले. १९७० नंतरच्या दशकात टॉलीगंजला आय.टी.सी. संगीत संशोधन अकादमी उभी राहिली; तेथे निवडक शिष्य विद्यावेतनावर गुरूंच्या सान्निध्यात राहतात आणि संमेलनांतून गातात-वाजवितात. १९५२ पासूनच्या डोव्हर लेन संमेलनाचे आयोजक नवोदितांसाठी स्पर्धाही घेत आले आहेत. टॉलीगंज बेहाल्याहून काही दूर नाही. आपल्या मुलांना तेथे निदान रात्रभर श्रोते म्हणून तरी बसवावे. भीमराव शास्त्री याहून कितीतरी लांबून आले होते.