बायरनचा किताब आणि बायरनची कन्या

बायरन आपण वाचतो तो बंडखोर कवी म्हणून. तो वंशपरंपरेने उमराव होता, हे आपण सहसा विसरतो. चुलत आजोबांचा नातू १७९४ साली कोर्सिकातील लढाईत मारला गेला, म्हणून १७९८ मध्ये अवघ्या दहाव्या वर्षी बायरन सहावा बॅरन झाला. याच किताबामुळे १८१२ मध्ये उमरावांच्या सभागृहात उभे राहून, विणकामाची यंत्रे फोडणाऱ्या कामगारांना देहदंड देण्यास तो विरोध करू शकला.

१८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये वारला. किताब पुरुष वारसांपुरताच असल्याने तो चुलतभावाकडे गेला. औरस कन्या एडाला मिळाला नाही. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावरील तिची १८४३ ची टिपणे आज संगणकाच्या इतिहासात अभ्यासली जातात. १८५२ मध्ये हक्नलच्या चर्चमध्ये तिला वडिलांशेजारी पुरण्यात आले. बायरनचा वारसा शोधताना आपण केवळ किताबांच्या यादीवर विसंबून कसे चालेल?